पहिला आलेला घोडा इतका मागे का टाकला? (हॅम्बल्टोनियन, २०१७)

लगाम (प्रश्नकर्ता):

महालक्ष्मीच्या शर्यती मी वीसेक वर्षे पाहत आलो आहे, त्यामुळे ऑब्जेक्शन, स्टुअर्डांची (शर्यतीच्या पंचांची) चौकशी आणि निकाल लटकलेला असताना तिकीट मुठीत धरून ताटकळणे हे सारे माझ्या चांगल्या परिचयाचे आहे. मात्र घोड्यामागे सल्की, म्हणजे दोन चाकांची हलकी गाडी, जोडून अमेरिकेत ज्या शर्यती होतात, त्यांच्याकडे माझे लक्ष अलीकडेच गेले, आणि पाहिलेल्या पहिल्याच मोठ्या शर्यतीच्या निकालाने मला पुरते गोंधळात टाकले.

ही शर्यत म्हणजे ५ ऑगस्ट २०१७ रोजी न्यू जर्सीतील मेडोलँड्सवर झालेली हॅम्बल्टोनियन. तीन वर्षांच्या ट्रॉटर, म्हणजे दुडक्या चालीने धावणाऱ्या, घोड्यांची ही सर्वांत मानाची शर्यत, अंतर एक मैल, बक्षिसाची एकूण रक्कम दहा लाख डॉलर. डेव्हिड मिलर हाकत असलेला 'व्हॉट द हिल' पहिला आला. त्यानंतर चौकशी झाली आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात त्याने 'गार्डियन एंजल ए एस' या घोड्याला अडथळा केला असे ठरवून त्याला थेट त्या घोड्याच्याही मागे टाकण्यात आले. विजेता म्हणून जाहीर झाला तो ओके स्वानस्टेट हाकत असलेला 'परफेक्ट स्पिरिट', जो दुसरा आला होता.

अडथळा झाला असेल, तर शिक्षा व्हावी, याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. मला खटकते ते एवढेच की, ज्याचे नुकसान झाले त्याच्या पदरात जवळपास काहीच पडले नाही आणि ज्याला या प्रकरणात कोणी पक्षकारही म्हणणार नाही, तो मानकरी ठरला. गार्डियन एंजलला अडथळा झाला नसता तर तो व्हॉट द हिलच्या पुढे गेलाच असता, असे कोणी सिद्ध केले होते का? केले नसेल, तर पहिल्या क्रमांकाच्या घोड्याला इतके खाली ढकलणे कोणत्या न्यायात बसते?

पूर्वकिनारा:

मी गेली अनेक वर्षे न्यू जर्सीत राहतो आणि मेडोलँड्सवर अधूनमधून जातो, म्हणून सविस्तर लिहितो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर नियमात आहे, परंतु नियम कळण्याआधी हे घोडे कसे धावतात ते समजून घेणे आवश्यक आहे. महालक्ष्मीची सवय असलेल्या माणसाची फसगत नेमकी तिथेच होते.

ट्रॉटर हा दुडक्या चालीचा घोडा. पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकाच वेळी पडतो, मग दुसरी जोडी, आणि कुंपणापाशी उभे राहिल्यास ही दोन ठोक्यांची लय अगदी स्पष्ट ऐकू येते. शर्यतीभर ही चाल टिकवायची असते. घोडा बिथरून चौखूर उधळला, तर त्याला 'चाल मोडली' असे म्हणतात, आणि मग ड्रायव्हरला त्याला ताबडतोब आवरावे लागते, मोकळी जागा असेल तर बाहेरच्या बाजूला घ्यावे लागते, पुन्हा दुडकीवर आणावे लागते आणि या सगळ्यात त्याने काही अंतर गमावलेले दिसावे लागते. म्हणजे घोडा नियमानुसार वागला तरी चाल मोडणे म्हणजे मैलाच्या शर्यतीत बहुतेक वेळा सारे संपणेच. पेसर, म्हणजे एका बाजूचे दोन्ही पाय एकत्र टाकणाऱ्या, घोड्यांच्या पायांत पट्टे असतात, ते चाल सांभाळायला मदत करतात; ट्रॉटरला तो आधार बहुधा नसतो, त्यामुळे तो फार नाजूक असतो.

आता यात सल्की आणा. जॉकी घोड्याच्या पाठीवर असतो. इथे ड्रायव्हर घोड्याच्या मागे, जवळजवळ शेपटीला टेकून, दोन्ही पाय पुढे पसरून बसतो. त्याच्या दोन्ही बाजूंना चाके, आणि ती घोड्याच्या अंगापेक्षा बरीच बाहेर आलेली असतात. मागून चिकटून धावणाऱ्या घोड्याचे नाक कित्येकदा पुढच्या ड्रायव्हरच्या हेल्मेटच्या शेजारी असते आणि त्याचे पुढचे पाय पुढच्या गाडीच्या चाकापासून वीतभर अंतरावर पडत असतात. पुढच्या गाडीने वाट शोधण्यासाठी हातभर जरी बाहेर झेप घेतली, तरी मागच्या घोड्याला पाय आखडावे लागतात, आणि पाय आखडले की लय गेली. पाठीवरच्या शर्यतीत अशा धक्क्याने एक-दोन लांबी (घोड्याच्या लांबीइतके अंतर) जातात. इथे घोडा शर्यतीतूनच जातो. शिवाय पाय चाकात अडकला, तर घोडा पडतो, मागचे त्याच्यावर आदळतात आणि माणसे गाडीतून फेकली जातात.

म्हणूनच इथला नियम 'तो जिंकला असता का' असे विचारतच नाही. पंच दोन गोष्टी पाहतात: वाट सोडून आत किंवा बाहेर येताना पुरेशी मोकळी जागा होती का, आणि तसे येण्यामुळे दुसऱ्या घोड्याचे नुकसान झाले का. दोन्हींची उत्तरे त्याच्या विरोधात गेली, तर अडथळा करणारा घोडा ज्याला अडथळा झाला त्याच्या मागे ठेवला जातो. गार्डियन एंजलची चाल मोडली होती, तो मागे पडला होता; म्हणून व्हॉट द हिलही तितकाच मागे गेला. त्याला मुद्दाम तळाला ढकलले असे नव्हे, तर ज्याला त्याने खाली ढकलले त्याच्याखाली त्याची जागा ठरली.

कार्यपद्धतीबद्दल थोडक्यात: हरकत ड्रायव्हरला शर्यत संपल्यावर लगेच, निकाल अधिकृत होण्यापूर्वी नोंदवावी लागते, पंचांना ती कोणी न नोंदवताही स्वतःहून चौकशी सुरू करता येते. पंच वेगवेगळ्या कोनांतून चित्रीकरण पाहतात, संबंधित ड्रायव्हरांशी फोनवरून बोलतात आणि मग क्रमांक लावतात. तोपर्यंत फलकावरचे आकडे लुकलुकत राहतात.

डर्बीवेडा:

पूर्वकिनारा यांनी हार्नेस, म्हणजे सल्की जोडलेल्या, शर्यतीची बाजू उत्तम मांडली आहे. मी तुलनेची एक गोष्ट जोडतो, कारण प्रश्नकर्त्यांना जे अन्यायाचे वाटते ते मुळात दोन विचारसरणींमधले अंतर आहे.

पाठीवरच्या शर्यतींच्या जगात या दोन पद्धतींना 'कॅटेगरी वन' आणि 'कॅटेगरी टू' अशी नावे आहेत. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपान अशा बहुतेक देशांत पहिली चालते: अडथळा झालेला घोडा, अडथळा नसता तर, अडथळा करणाऱ्याच्या पुढे आला असता का, एवढेच पाहायचे, उत्तर 'नाही' असेल तर क्रमांक जसेच्या तसे राहतात आणि शिक्षा स्वाराला वेगळी होते. अमेरिका आणि कॅनडा बहुतांशी दुसऱ्या पद्धतीचे. तिथे नुकसान झाले हे ठरले की क्रमांक बदललाच.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण ४ मे २०१९ च्या केंटकी डर्बीचे. 'मॅक्झिमम सिक्युरिटी' पहिला आला, दोन स्वारांनी हरकत घेतली, सुमारे २२ मिनिटे चित्रीकरण तपासले गेले आणि त्याला १७ व्या क्रमांकावर टाकण्यात आले, कारण ज्यांना अडथळा झाला त्यांपैकी 'लाँग रेंज टॉडी' तितक्या मागे होता. विजेता ठरला 'कंट्री हाउस', ज्याचा भाव ६५ ला १ होता. दोन डॉलरच्या तिकिटावर १३२ डॉलर ४० सेंट मिळाले. लाँग रेंज टॉडी ती डर्बी जिंकणार होता, असे त्याच्या मालकाच्या घरीही कोणी म्हणाले नसेल. पण अमेरिकी नियमाला त्याचे सोयरसुतक नाही.

ऑस्ट्रेलियातील हार्नेस शर्यतींत मात्र याला 'प्रोटेस्ट' म्हणतात आणि तिथली सुनावणी खरोखर छोट्या न्यायालयासारखी असते. दुसऱ्या क्रमांकाचा ड्रायव्हर पहिल्याविरुद्ध तक्रार करतो, दोन्ही बाजूंचे ड्रायव्हर आणि ट्रेनर स्टुअर्डांसमोर बोलतात, आणि अंतिम रेषेवर किती अंतराचा फरक होता यावर खूप खल होतो, कारण प्रश्न हाच असतो की, झालेल्या अडथळ्याने तेवढे अंतर खाल्ले का. फरक नाकभराचा असेल, तर तक्रार मान्य होण्याची शक्यता मोठी. दोन लांबींचा असेल, तर बहुधा फेटाळली जाते. व्यक्तिशः मला ही पद्धत अधिक पटते. पैज लावणारा माणूस सर्वांत चांगल्या घोड्यावर पैसे लावतो, सर्वांत सभ्य घोड्यावर नव्हे.

लगाम (प्रश्नकर्ता):

दोघांचेही आभार. डर्बीवेडा यांचे शेवटचे वाक्य माझ्याच मनातले आहे. तरीही पूर्वकिनारा यांना विचारतो: ऑस्ट्रेलियातही सल्कीच आहे, चाकेही तीच आणि दुडकीही तीच. मग धोक्याचा युक्तिवाद तिथे का चालत नाही? आणि नुकसानाच्या प्रमाणात शिक्षा म्हणायची, तर एकाच चुकीला दोन वेगळ्या शिक्षा होतात. धक्का लागलेला घोडा जातिवंत स्थिर असेल आणि चाल न मोडता चौथा आला, तर दोषी पाचवा. तोच घोडा बुजरा असेल, तर दोषी नववा. दोष ड्रायव्हरच्या हातातला, आणि शिक्षा दुसऱ्याच्या घोड्याच्या स्वभावावर ठरते.

माणदेशी:

हार्नेस शर्यत मी पाहिलेली नाही, पण बैलगाडीच्या शर्यतीत लहानाचा मोठा झालो आहे, म्हणून एक निरीक्षण नोंदवतो. आमच्या सातारा-सांगलीकडच्या मैदानांत प्रत्येक गाडीला स्वतःचे तास, म्हणजे धावण्याची पट्टी, आखून दिलेले असते. गाडी तास सोडून दुसऱ्याच्या तासात गेली की बाद; बैल किती वेगवान होता, पुढे कोण आले असते, याची चर्चा नंतर चहाच्या टपरीवर होते, पंचांपुढे नाही. हे इतके सोपे आहे, कारण रेषा जमिनीवर दिसते.

वर जे वाचले त्यावरून असे दिसते की, तुमच्या त्या शर्यतीत सुरुवातीनंतर कोणाचेच तास ठरलेले नाही, सगळे एकाच गोल मैदानावर वाट शोधत धावतात. मग जी रेषा जमिनीवर नाही ती पंचांना दर वेळी डोळ्यांनी आखावी लागते. अशा ठिकाणी 'जिंकला असता का' हाही अंदाज जोडला, तर एका अंदाजावर दुसरा अंदाज बसतो. त्यामुळे अमेरिकी पंचांनी एकच अंदाज हाती ठेवला, यात मला शहाणपण दिसते.

पूर्वकिनारा:

माणदेशी यांनी माझे अर्धे उत्तर माझ्यापेक्षा कमी शब्दांत दिले. उरलेले अर्धे असे.

ऑस्ट्रेलियातही धोका तोच आहे, हे लगाम यांचे म्हणणे बरोबर आहे. तिथे तो धोका आवरण्याचे काम मुख्यतः ड्रायव्हरच्या निलंबनाकडे सोपवले आहे, तर इथे क्रमांक आणि निलंबन ही दोन्ही हत्यारे वापरतात, कारण दहा लाखांच्या शर्यतीत केवळ निलंबनाची भीती कोणाला आवरणार नाही, असे इथे मानले जाते. उत्तर अमेरिकेतील हार्नेस शर्यतींत बक्षिसाच्या रकमेची नेहमीची वाटणी ५०, २५, १२, ८ आणि ५ टक्के अशी असते, म्हणजे पहिल्याला निम्मी. पाच लाख डॉलर समोर असताना काही दिवस घरी बसण्याचा हिशेब कोणीही मांडू शकतो. पहिला क्रमांकच जाणार असेल, तर तो हिशेब मांडताच येत नाही.

घोड्याच्या स्वभावावर शिक्षा ठरते, हा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. तो खरा आहे. मी एवढेच म्हणेन की, चाल मोडणाऱ्या घोड्याच्या शेजारून गाडी बाहेर काढताना प्रत्येक ड्रायव्हरला ही जोखीम ठाऊक असते. मिलर यांच्यासारख्या मुरलेल्या ड्रायव्हरला तर नक्कीच. आणि व्हॉट द हिल हा घोडा काही वाईट ठरला नाही, त्याच वर्षी त्याने ब्रीडर्स क्राउन ही दुसरी मानाची शर्यत जिंकून दाखवली.

एक व्यावहारिक बाब राहिली. पंचांनी निकाल अधिकृत म्हणून जाहीर केला की पैजेचे पैसे त्याच निकालानुसार वाटले जातात. मालक त्यानंतर राज्याच्या रेसिंग कमिशनकडे दाद मागू शकतात, प्रकरण महिनोन्‌महिने चालू शकते आणि बक्षिसाची रक्कम कोणाला मिळणार ते बदलूही शकते, पण तिकिटाचा हिशेब पुन्हा उघडला जात नाही. मॅक्झिमम सिक्युरिटीचे मालक तर थेट संघराज्याच्या न्यायालयात गेले होते; २०२० मध्ये अपील न्यायालयाने, स्टुअर्डांच्या अशा निर्णयात आम्ही लक्ष घालणार नाही, असे म्हणून ते फेटाळले.

लगाम (प्रश्नकर्ता):

काल रात्री तीच शर्यत पुन्हा पाहिली. या वेळी पहिल्या घोड्याकडे न पाहता सुरुवातीपासून केवळ गार्डियन एंजलवर नजर ठेवली. त्या एका क्षणापर्यंत तो दुडकीवर आहे, आणि नंतर नाही. त्याच्यापुरती शर्यत तिथेच संपते, रेषा अजून पुढे असताना. पहिल्यांदा पाहताना हे मला दिसलेच नव्हते, कारण मी सगळ्यांप्रमाणे पुढे कोण आहे तेच पाहत होतो.

नियम मला आता कळला आहे आणि पंचांनी तो योग्यच लावला असे मला वाटते. व्हॉट द हिलचे तिकीट माझ्या खिशात असते, तर मात्र मी हे इतक्या शांतपणे लिहिले नसते.