विमानं येतायत म्हणून पोरांना कर्जात घालू नका

लेकाचा_बाप: "मंदी संपली. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानं मागवली, इंडिगोने ५००. बारावी झाली की पोराला सीपीएलला (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) घाला, नोकरी पक्की." काल इथे हे वाचलं आणि रात्रभर झोप नाही. मागवलेली विमानं वर्षानुवर्षं थोडी थोडी येतात. माझा मुलगा फेब्रुवारी २०२० ला सीपीएलचे उड्डाणाचे २०० तास पुरे करून आला, २५ मार्चला देशातली उड्डाणं बंद. मेअखेर सुरू झाली, पण त्याला पहिला फोन आला तीन वर्षांनी. तोवर दरवर्षी इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर दिसत नसताना उपकरणांवर उडवण्याची परवानगी) रिन्यू, खिशातून. दोन एकर गेली आमची.

उंच_भरारी: पोस्ट माझी आहे. काका, कोविड रोज येत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं का रद्द झाली? विश्रांतीचे नवे नियम आले आणि वैमानिक पुरले नाहीत. हा तुटवडा नाही?

डावी_खुर्ची: तुटवडा आहे तो मुख्यतः कॅप्टनचा. कॅप्टन व्हायला एटीपीएल हे वरचं लायसन्स लागतं, त्याला १५०० तास लागतात. ते कोऱ्या सीपीएलवाल्याकडे कुठून येणार? शिवाय कोविड एकटा नाही. २०१२ ला किंगफिशर, २०१९ ला जेट, २०२३ ला गो फर्स्ट बंद पडली. प्रत्येक वेळी टाइप रेटिंगवाले (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची परवानगी असलेले) अनुभवी लोक रांगेत नवख्यांच्या पुढे येऊन उभे राहिले. मीही त्यातलाच, पगार थकलेला.

गोंदियाकर: मुळात पोरांना उडायला शिकायला परदेशात पाठवताच कशाला? बारामती, गोंदियाला फ्लाइंग स्कूल आहेत की!

पावसात_अडकलेली: दादा, तुम्ही तिथे शिकलात का? मी राज्यातल्याच एका शाळेत होते. जून ते सप्टेंबर ढग खाली, विमान हँगरात. उरलेल्या महिन्यांत विमानं दोन आणि पोरं चाळीस. वर्षाचा कोर्स, मला अडीच लागली. होस्टेलचं भाडं मात्र चालू.

गोंदियाकर: एका शाळेवरून सगळ्यांना झोडू नका. परदेशातून आलेल्यांना इथे डीजीसीएचे (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक) पेपर द्यावेच लागतात, लायसन्स कन्व्हर्ट करण्यात महिने जातात. ते नाही सांगणार!

पावसात_अडकलेली: सांगते की. माझी मैत्रीण त्यातच अडकली होती. तरी तिचे तास माझ्याआधी झाले. मी रोज सकाळी युनिफॉर्म घालून ढगांकडे बघत बसायचे, ते तुम्हाला कळायचं नाही.

गोंदियाकर: बरं, पावसाचं मान्य. बाकी काही मान्य नाही.

उंच_भरारी: "पक्की" शब्द काढतो. पण काका, तुमचा मुलगा आज उडतोय ना?

लेकाचा_बाप: उडतोय. जमीन परत आलेली नाही.