मदत हवी आहे: ईको कार्गोमध्ये हत्यारांसाठी प्लायचं कपाट बसवायचंय, जाडी आणि फिटिंगबद्दल सांगा

औसा_फर्निचर:
नमस्कार मंडळी. गाडी मारुतीची ईको कार्गो (मालवाहू व्हॅन), पेट्रोल. कामं लातूर, औसा, निलंगा, रेणापूर या पट्ट्यात, म्हणजे निम्मा रस्ता डांबरी आणि निम्मा खडीचा. हत्यारं सध्या गोण्यांत आणि पेट्यांत भरून न्यावी लागतात. त्यापेक्षा आत पक्कं कपाट करायचंय.

टेपने घेतलेली मापं: तळाची लांबी साडेपाच फूट, दोन्ही चाकांच्या फुगवट्यांमध्ये जेमतेम साडेतीन फूट, उंची पावणेचार फूट. वरच्या बाजूला पत्रा आत झुकतो.

न्यायचं सामान: मायटर सॉ (कोनात कापायची करवत, साधारण १८ किलो), २५ लिटरचा कॉम्प्रेसर, सर्क्युलर सॉ, राऊटर (लाकडात खाचा पाडायचं मशीन), रंधा मशीन, दोन ड्रिल, नेलगन, क्लॅम्प, चार फुटी लेव्हल, पटाश्या, स्क्रू-खिळ्यांचे डबे, फेविकॉल.

विचार असा आहे की दोन्ही बाजूंना १८ एमएमचं कपाट, आतून पांढरा सनमायका आणि सगळ्या ड्रॉवरना टेलिस्कोपिक चॅनल (बॉलवर सरकणाऱ्या लोखंडी पट्ट्या). अंदाजे तीन शीट लागतील. यात काय चुकतंय? आणि पत्र्याला पक्कं कसं करायचं?

गोदाकाठ:
आधी वजन काढा. ८ बाय ४ ची १८ एमएम शीट ३२ ते ३५ किलोची. तीन शीट म्हणजे शंभर किलो, आणि सनमायका दर शीटमागे चार किलो वेगळा. म्हणजे एक हत्यार ठेवायच्या आधीच दीड माणूस गाडीत बसवला. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि एकूण परवानगीचं वजन दोन्ही लिहिलेलं असतं. त्यातला फरक काढा, त्यातून तुम्ही आणि हाताखालचा गडी वजा करा. उरलं तेवढंच कपाट, हत्यारं आणि साइटचं सामान यांच्या वाट्याला.

घरातल्या किचनला १८ लागतो, कारण वर ग्रॅनाइट ठेवायचा असतो आणि मागे भिंतीशिवाय आधार नसतो. गाडीत कपाट चहूबाजूंनी बांधलेलं असतं, १२ पुरतो. सांगाडा १२, पाठ ६, ड्रॉवरच्या बाजू ९, ड्रॉवरचा तळ ६. १२ ची शीट साधारण २२ किलोची, ६ ची ११-१२ किलोची.

पाठ मात्र सोडू नका. ६ एमएमची पाठ चारही कडांना गोंद लावून स्क्रूने बसली, तरच चौकट काटकोनात राहते. पाठ नसलेलं कपाट वळणावर तिरकं होतं आणि सगळे सांधे सैल पडतात. बहुतेक गाड्यांतली कपाटं इथंच मरतात, प्लाय पातळ म्हणून नव्हे.

बालाघाट_३२:
दोन्ही बाजूंना कपाट लई होतंय भाऊ. साडेतीन फुटातनं दोन वेळा पंधरा इंच गेले तर मधी उभं कुठं राहणार? उजव्या बाजूला एकच कपाट करा आणि तिकडचं सरकतं दार बंदच ठेवा. डावं दार उघडं पाहिजे, आपण गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला लावतो. उजवीकडून सामान काढायला गेलात तर पाठीवरनं ट्रक जातोय.

अजून एक. इंजिन पुढच्या सीटखाली आहे. कपाट सीटला चिकटवून बसवलं तर मेकॅनिकला सीट उचलता येणार नाही, आणि प्रत्येक सर्व्हिसिंगला कपाट खोलत बसाल. सीट पूर्ण मागे पाडून बघा, ती जिथवर येते त्याच्या दोन बोटं मागं कपाट सुरू करा.

औसा_फर्निचर:
सीटचं लक्षातच आलं नव्हतं, धन्यवाद. म्हणजे उजवीकडे एकच, चार फूट लांबीचं. पण सगळं वजन उजवीकडे आलं, चालकही उजवीकडेच. गाडी कलणार नाही का?

गोदाकाठ:
कलेल, म्हणूनच जड वस्तू कपाटात ठेवायच्याच नाहीत. मायटर सॉ आणि कॉम्प्रेसर डाव्या बाजूला, थेट तळावर, पुढच्या सीटच्या मागे. डाव्या दारातून उचलायलाही सोपं. मागच्या चाकांच्या मागे जड सामान लोंबलं की पुढचं टोक हलकं होतं आणि स्टेअरिंग तरंगल्यासारखं लागतं. कपाटात फक्त हातमशिनी, डबे, पटाश्या. त्यातही स्क्रूचे डबे सगळ्यात खालच्या कप्प्यात. दिसायला छोटे, पण पाच-सहा डबे भरले की मायटर सॉइतकं वजन होतं.

दोन्ही जड मशिनींना रॅचेटचा पट्टा हवाच. जोरात ब्रेक मारला की वस्तूच्या वजनाच्या सत्तर-ऐंशी टक्के जोर पुढे येतो, धडकेत तर कैक पट. सीटमागे पक्की जाळी किंवा पार्टिशन नसेल तर कपाटाआधी ते करा.

पटाशी_नांदेड:
चॅनलबद्दल माझं मत वेगळं. टेलिस्कोपिक चॅनल गाडीत नकोच. आपल्याकडची काळी धूळ बॉलमध्ये जाते, ग्रीसमध्ये मिसळते आणि चॅनल करकरायला लागतं. त्यात लाकडाचा भुसा. शिवाय चॅनल मुळात सहज सरकावं म्हणून बनवलेलं असतं, आणि गाडीत तेच नको असतं.

जुनी पद्धत बरी: सांगाड्याच्या बाजूंना सागवानी पट्टी २० बाय १२ एमएमची, ड्रॉवर त्यावर सरकतो. पट्टीला मेणबत्ती घासा. ड्रॉवर खणापेक्षा ३-४ एमएमच कमी रुंद ठेवायचा. चॅनलला दोन्ही बाजूंचे मिळून २५-२६ एमएम जातात, तेही वाचतात.

जालना_वुडवर्क:
सरसकट नको म्हणणं पटत नाही. लाकडी पट्टीवर दहा किलोच्या वर वजन असेल तर पावसाळ्यात ड्रॉवर ओढताना हात दुखतो, प्लाय फुगून अडकतोही. ४५ एमएम रुंदीचं चांगलं चॅनल वर्षातून एकदा ब्रशने साफ केलं तर चालतं. वरचे हलके ड्रॉवर लाकडी पट्टीवर, सर्क्युलर सॉचा एकच ड्रॉवर चॅनलवर, असं करा.

पटाशी_नांदेड:
एका ड्रॉवरपुरतं मान्य. पण दोन्हीत खिट्टी वेगळी लागते, हे विसरू नका. मॅग्नेट कॅच गाडीत निरुपयोगी आहे, पहिल्या गतिरोधकाला सुटतो. लाकडी पट्टीवरच्या ड्रॉवरला सगळ्यात स्वस्त उपाय: खणाच्या तोंडाशी खाली ८ एमएम उंचीची आडवी पट्टी मारा आणि ड्रॉवरच्या तळाला पुढून तेवढीच खाच द्या. बंद केला की ड्रॉवर पट्टीवर बसतो, उघडताना पुढून थोडा उचलून ओढायचा. त्यासाठी ड्रॉवरच्या वर १० एमएम मोकळी जागा सोडा, नाहीतर उचलताच येणार नाही. चॅनलवाल्या ड्रॉवरला ही युक्ती चालत नाही, त्याला टॉवर बोल्ट लावा.

औसा_फर्निचर:
हे जमेल. आता पत्र्याला फिटिंग. तळाला थेट स्क्रू मारायचे का?

गोदाकाठ:
अजिबात नाही. पातळ पत्र्यात स्क्रूच्या आट्यांना पुरेशी पकड मिळत नाही, खडीच्या रस्त्यावर भोक मोठं होऊन सुटतो. आणि खाली पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी, वायरिंग जातं. आधी गाडीखाली झोपून बघा, खडूने खुणा करा, मगच वरून ड्रिल. बिटला टेप गुंडाळून खोली मर्यादित ठेवा. तळात कारखान्यातूनच आटे असलेली भोकं सापडली तर ती आधी वापरा.

नसतील तर तळाला चार एम-८ बोल्ट. पत्र्याखाली प्रत्येकी ५० बाय ५० ची ५ एमएम लोखंडी प्लेट, वर मोठा वायसर, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला). साधा नट कितीही आवळा, थरथरीने ढिला होतो. वरच्या बाजूला पत्र्यामागे ज्या उभ्या पोकळ पट्ट्या आहेत त्यांत एम-६ चे रिव्हेट नट (भोकात एकाच बाजूने दाबून बसवायचे आटेवाले नट), किमान तीन. त्याला ९ एमएमचं भोक लागतं. नुसत्या बाहेरच्या पत्र्यात रिव्हेट नट मारू नका, पत्रा बाहेरून फुगलेला दिसतो. वरचे हे तीन सोडले तर ब्रेकला कपाट पुढे झुकतं आणि तळाचे बोल्ट उपटतात.

प्रत्येक भोकाची कड घासून रेड ऑक्साईड लावा, खालून सिलिकॉन. प्लाय आणि पत्रा यांच्यामध्ये जुन्या ट्यूबची पट्टी ठेवा, नाहीतर दिवसभर कुरकुर ऐकावी लागेल. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा.

जालना_वुडवर्क:
सांध्यांबद्दल: जिप्सम बोर्डला मारायचे काळे स्क्रू वापरू नका. ते कडक असतात, हादऱ्याने डोकं तुटून पडतं. १२ एमएमच्या कडेत नुसता स्क्रू मारला तर थर सुटतात. कोपऱ्यात आतून २० बाय २० ची लाकडी पट्टी, वॉटरप्रूफ गोंद, आणि स्क्रू पट्टीत. आधी अडीच एमएमचं भोक पाडायचं.

सनमायका वगळा. एप्रिल-मेमध्ये बंद गाडी तापली की सनमायका चिकटवायचं रबर सोल्युशन मऊ होतं आणि कडा उचलतात. प्लाय बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारा), म्हणजे आयएस ७१० शिक्क्याचा घ्या आणि कडांसकट पीयू पॉलिशचे दोन हात द्या. थिनर आणि रबर सोल्युशनचे डबे मात्र कपाटात कायमचे ठेवू नका. वाफ बंद गाडीत साठते, एक ठिणगी पुरते.

बालाघाट_३२:
आरटीओचं पण बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. कार्गोत मागं सीट नसतात, म्हणून बोल्टनं बसवलेलं, खोलून काढता येणारं कपाट बरं. पण बॉडी कापणं, छत उचलणं असलं काही करू नका. पाच सीटवाल्या ईकोच्या सीट काढून असं करणाऱ्यानं आधी आरटीओत विचारावं.

औसा_फर्निचर:
कपाट ४८ इंच लांब, १५ खोल, ३० उंच धरतोय, तीन उभे भाग. १२ ची एका शीटमध्ये बसेल का? आणि फुगवट्याचं काय?

गोदाकाठ:
४८ नाही, साडेसत्तेचाळीस धरा. शीट ९६ इंचाची, त्यात ४८ चे दोन तुकडे मागितले तर ब्लेडची ३ एमएम कुठून आणणार?

शीट लांबीत १५ इंचाच्या तीन पट्ट्यांत फाडा. पहिलीतून साडेसत्तेचाळीसचे दोन: वरचा आणि खालचा. दुसरी आणि तिसरीतून ३० चे दोन-दोन: हे चार उभे. त्या दोन्ही पट्ट्यांत ३५-३६ इंच उरतात. उभ्यांची जाडी वजा जाता प्रत्येक भाग सव्वापंधरा इंचाच्या आत येतो, म्हणजे दोन-दोन फळ्या, एकूण चार निघतात. कडेला अडीच इंचाची आठ फुटी चिंधी राहील, ती फळ्यांच्या पुढे दोन इंच उंच कठडा म्हणून लावा. सामान घसरत नाही आणि फळीही वाकत नाही. पाठ ६ एमएमच्या अर्ध्या शीटमधून, ड्रॉवरच्या बाजू ९ च्या अर्ध्या शीटमधून. एकूण साधारण ३६ किलो.

फुगवटा कापून बसवायच्या भानगडीत पडू नका. कपाट फुगवट्याच्या वर राहील एवढ्या उंचीची २५ बाय २५ बाय ३ च्या अँगलची चौकट खाली करा. खालच्या जागेत फुगवट्याच्या आतल्या बाजूला सात-आठ इंच रुंदीची मोकळी पट्टी उरते, तिथं मागच्या दारातून लेव्हल आणि क्लॅम्प सरकवता येतात. उंची मोजून घ्या: चौकट दहा इंच धरली तर वरचं टोक एक्केचाळीसवर येतं, तुमच्या पंचेचाळीसमध्ये बसतं. पण पत्रा वर आत झुकतो म्हणालात, म्हणून उभ्यांच्या मागच्या वरच्या कोपऱ्याचा आधी पुठ्ठा कापा, गाडीत लावून बघा, मगच प्लायला करवत लावा. डाव्या-उजव्या पत्र्याचा बाक सारखा असेल असं धरू नका. ज्या बाजूला बसवायचं, पुठ्ठा त्याच बाजूचा.