ताऊलची भित्तिचित्रे भिंतीवरून का उतरवली गेली

स्पेनच्या कातालोनिया प्रदेशातील ताऊल गावाच्या सांत क्लिमेंत चर्चमधील भित्तिचित्रे बार्सिलोनाला नेणे म्हणजे त्या वास्तूची लूट होती, हे मत मला अर्धेच पटते. सहा मजली मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेले ते चर्च 1123 साली अभिषिक्त झाले, याची नोंद तिथल्याच खांबावर रंगवलेली होती. अशी चित्रे आपल्या जागेवरच शोभतात, यात वाद नाही. पण त्याच प्रदेशातील मूर येथील चर्चची चित्रे विकली गेली आणि पुढे बोस्टनला पोहोचली, आणि तोच प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून 1919 ते 1923 या काळात उरलेली चित्रे घाईने उतरवण्यात आली.

त्यासाठी चित्रावर सरसाने कापड चिकटवत. सरस वाळताना आकसला की रंगाचा पातळ थर कापडासह सुटून येई. मात्र सगळा रंग भिंत सोडत नाही. 2013 साली ताऊलच्या चर्चच्या घुमटीतील (वेदीमागच्या अर्धगोल भागातील) जुनी प्रतिकृती काढली तेव्हा मूळ चित्राचे अवशेष दिसले, आणि आता त्यांच्यावरच प्रकाशझोताने पूर्ण चित्र उमटवले जाते.