मागे कललेल्या डोलकाठ्यांची नौका कोणती?

गिरगावकर: काळाघोडा परिसरातील एका दुकानात जुन्या सागरी चित्राची प्रत दिसली. चौकटीखाली ‘२२ ऑगस्ट १८५१’ एवढेच लिहिले आहे, आणि सर्वांत पुढे असलेल्या काळ्या नौकेच्या दोन्ही डोलकाठ्या मागे कललेल्या आहेत. ही कोणती शर्यत असावी?

दर्यावर्दी: तारीख आणि डोलकाठ्यांचा कल पाहता ती ‘अमेरिका’ नावाची स्कूनर (दोन किंवा अधिक डोलकाठ्यांची शिडाची नौका) असणार. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटाला वळसा घालणारी ही शर्यत रॉयल यॉट स्क्वाड्रन या ब्रिटिश नौकानयन क्लबने भरवली होती. ‘ऑरोरा’ला मागे टाकून ‘अमेरिका’ने जिंकलेला चषक पुढे अमेरिका कप म्हणून प्रसिद्ध झाला. शिडे अवश्य निरखून पाहा. ब्रिटिश नौकांची शिडे वाऱ्याने फुगत, तर हिची घट्ट विणलेली सुती शिडे सपाट राहत, त्यामुळे वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला नागमोडी जाताना तिला मोठा लाभ होई. चित्रकाराने हा फरकच टिपला नसेल, तर त्याच्या बाकी समुद्राचे (तो कितीही सुंदर असो) मला फारसे कौतुक नाही.

कुलाबेकर: फिट्झ हेन्री लेन या अमेरिकी चित्रकाराने हा विजय १८५१ मध्येच रंगवला. मात्र इतरांनीही तो चितारला असल्याने प्रतीवरील सही आधी तपासावी.