रीः सुरिनामला जायचंय, माहिती हवी

नमस्कार मंडळी,
फेब्रुवारीत आम्ही दोघं दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला जायचं म्हणतोय. ॲमस्टरडॅमहून थेट विमान आहे, नऊएक तासांत राजधानी पारामारिबो. हेगमधले सुरिनामी दुकानदार हिंदीसारखंच बोलतात, त्यामुळे आपलाच मुलूख वाटतो. शहराबाहेर काय बघावं? आणि सोनं, तेल सगळं असून देश कर्जात कसा बुडाला? कोणी जाऊन आलं असेल तर कळवा.
– नवीन सभासद, डेल्फ्ट

अगं, 'आपलाच मुलूख' एवढं मनातून काढ आणि मग खुशाल जा. 1873 मध्ये 'लल्ला रूख' जहाज कलकत्त्याहून तिथे पोचलं, 1916 पर्यंत चौतीस हजारांवर गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, गेले. बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांतातले. त्यांचे वंशज सर्वांत मोठा गट खरा, पण 2012 च्या जनगणनेत 27 टक्केच. त्यांच्या खालोखाल मारून, म्हणजे मळ्यांवरून जंगलात पळालेल्या गुलामांचे वंशज, जवळपास 22 टक्के. शिवाय क्रिओल (आफ्रिकी वंशाचे शहरी लोक), जावानीज, चिनी, मूळ रहिवासी. कारभार डचमध्ये, बाजारात स्रानान टोंगो ही तिथली बोली. तुझी हिंदी थोडीफार चालेल, नाही असं नाही.

देश महाराष्ट्राच्या निम्म्याहून किंचित मोठा आणि माणसं जेमतेम सहा लाख. नव्वद टक्क्यांवर जंगल, त्यामुळे बहुतेक वस्ती किनाऱ्याला चिकटून. पश्चिमेला निकेरीत भातशेती आहे, पण तिच्यावर देश चालत नाही.

शहराबाहेर एकच गोष्ट बघणार असशील तर ब्राउन्सबर्गच्या डोंगरावरून ब्रोकोपोंडोचं धरण बघ. पाण्यातून वाळक्या झाडांचे शेंडे वर आलेले, नजर पोचेल तिथवर. जंगल न तोडताच पाणी सोडलं होतं. 1964 मध्ये अफोबाकाचा बांध घातला तो ॲल्युमिनियमच्या भट्टीला वीज हवी म्हणून. मारून समाजातल्या सुमारे सहा हजार माणसांची गावं बुडाली. कोयनेच्या धरणग्रस्तांना हे वेगळं सांगायला नको! भट्टी 1999 मध्ये बंद, बॉक्साइटवरचा (ॲल्युमिनियमच्या खनिजावरचा) कारखाना 2015 मध्ये बंद. तळं तेवढं राहिलं. अत्योनीला रस्ता संपतो, पुढे होडीने नदीच्या वरच्या अंगाला जा. सारामाकांच्या (मारूनांचीच एक जमात) गावांत डिझेलच्या जनरेटरवर दिवे लागतात.

बॉक्साइट गेलं आणि सगळा भार सोन्यावर आला. मेरियान, रोसेबेल या मोठ्या खाणी परदेशी कंपन्या चालवतात. जंगलात छोटे खाणवाले पारा वापरून सोनं काढतात, तो पारा नदीत, तिथून माशांत आणि माशांतून माणसांत. सारामाकांनी जमिनीसाठी थेट आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालय गाठलं, 2007 मध्ये निकालही त्यांच्या बाजूने लागला. जमिनीचा कायदेशीर हक्क मात्र अजून अडकलेलाच. कर्जाचं विचारलंस, तर भाव चढले की सरकारं हात सैल सोडतात आणि उतरले की उसनवारी करतात. 2020 मध्ये हप्ते थकले ते असेच.
– काका, हेग

काका, तेलाचं राहिलंच की! आणि एवढं काळं चित्र नको, ती पोर जायची रद्द करेल. किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरवर समुद्रात ग्रॅनमॉर्गू प्रकल्पाचं काम सुरू आहे, साडेदहा अब्ज डॉलरचा. 2028 मध्ये तेल निघायचंय. 2024 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष संतोखी यांच्या सरकारने प्रत्येक नागरिकाच्या नावे 750 डॉलर जाहीर केले, तेल निघायच्या आधीच. पुढच्याच वर्षी ते सरकार गेलं आणि जेनिफर सिमन्स देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. आणि पारामारिबोत कैझरस्ट्राटवर मशीद आणि सिनेगॉग शेजारी-शेजारी उभे आहेत, ते चुकवू नकोस.
– ताई, उट्रेक्ट

ताई, बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी! 750 डॉलर म्हणजे तोच प्रकार. पण मशिदीचं बरोबर, मी विसरलो होतो. फेब्रुवारी ठीक आहे, छोटा उन्हाळा असतो. मे ते ऑगस्ट मात्र पाऊस झोडपून काढतो. मलेरियाची धास्ती नको, 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश मलेरियामुक्त जाहीर केलाय. पिवळ्या तापाच्या लसीचं तेवढं डॉक्टरांना विचारून घे. गाडी भाड्याने घेतलीस तर ध्यानात ठेव, तिथे भारतातल्यासारखी डावीकडून चालवतात.
– काका