मदत हवी आहे: रिपनच्या 'वेकमन'ला मराठीत काय म्हणायचं?

मुलांसाठी इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या रिपन शहरावर छोटा लेख लिहितेय आणि एका शब्दावर अडलेय. तिथे रोज रात्री ९ ला बाजारचौकातल्या उंच स्तंभाच्या चारही कोपऱ्यांवर शिंग फुंकतात, ही प्रथा सन ८८६ पासूनची मानतात. पूर्वी शिंग वाजलं की सकाळपर्यंत शहर वेकमनच्या, म्हणजे रात्रीचा पहारा सांभाळणाऱ्या शहरप्रमुखाच्या भरवशावर, रात्री कुणाकडे चोरी झाली तर भरपाई त्याने द्यायची आणि त्यासाठी लोक घरटी कर भरायचे, केवढी जबाबदारी बघा! १६०४ मध्ये हे पद जाऊन मेयर आला, ह्यू रिप्ली शेवटचा वेकमन आणि पहिला मेयर.

'जागल्या' लिहून पाहिलं, अर्थ अगदी जवळचा पण तो गावकामगार, हा तर शहराचा प्रमुख. 'कोतवाल' म्हटलं तर सरकारी नेमणूक वाटते, 'नगराध्यक्ष' केलं तर पहारा पार निघून जातो. इंग्रजी शब्द तसाच ठेवून तळटीप नकोय, वाचणारी मुलं आठ-दहा वर्षांची आहेत. शिवाय टाउन हॉलवर कोरलेलं वाक्यही घ्यायचंय, 'देवाने शहर राखलं नाही तर वेकमनचं जागणं व्यर्थ', तिथेही तो शब्द बसायला हवा.

तर पहारा आणि मान दोन्ही सांगणारा एखादा जुना मराठी शब्द तुमच्याकडे बोलण्यात किंवा जुन्या कागदांत आहे का?