लोकलमध्ये न विचारता लोकांची स्केचेस काढणं बरोबर आहे का?

चौथी_सीट:
रोज डोंबिवली ते व्हीटी लेडीज डबा, बसायला मिळालं की मी स्केचबुक काढते. परवा परतीच्या स्लोला समोर एक काकू मेथी निवडत होत्या, मांडीवर पेपर, चष्मा नाकाच्या टोकावर, चपलेच्या अंगठ्याला सेफ्टी पिन, मला ती पिनच आवडली म्हणून पेनने काढायला घेतलं. मुंब्र्यापर्यंत हात मस्त बसला होता आणि शेजारणीने त्यांना ढोसलं, "अहो, तुमचं चित्र काढतेय ती." काकूंनी पदर सावरला, पाय मागे घेतले, मेथी तशीच पिशवीत कोंबली. एक शब्द बोलल्या नाहीत, चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. आधी विचारावं तर लोक ताठ बसतात, फोटो काढायला आल्यासारखे. तुम्ही काय करता?

फोरबी:
कॉलेजात आमच्या सरांनी एसटी स्टँड आणि मंडईतच पिटाळलं होतं, तिथे कुणाकुणाला विचारणार. माझा अनुभव, वही लपवली की लोकांना जास्त संशय येतो, उघडी ठेव. पाठ, खांदा, पिशवी आधी, चेहरा शेवटी. नजरानजर झाली तर हसून वही त्यांच्याकडे फिरव, आणि कपाळाला आठी दिसली की बंद. झोपलेल्या बाईला मी काढत नाही, ते मला चोरीसारखं वाटतं.

विंडोसीट:
मी दुसऱ्या बाजूची. मला एकदा एकाने काढलं, ते ठीक होतं हो, पण नंतर इन्स्टावर दिसलं, खाली "थकलेली मुंबई". मी थकले नव्हते, मला सर्दी झाली होती!! काढा, पण टाकायच्या आधी तरी विचारा.

खोडरबर:
@विंडोसीट गंमत म्हणजे अर्बन स्केचर्सच्या (जागेवर बसून स्केचेस काढणाऱ्यांचा जगभरचा गट) जाहीरनाम्यात स्केचेस ऑनलाइन शेअर करतो हे एक कलमच आहे. २००७ मध्ये सिएटलच्या गॅब्रिएल कांपानारिओने हा गट सुरू केला, मुळात शेअर करायलाच. मी मात्र चेहरा ओळखू येत असेल तर वहीतच ठेवतो. आणि इंटरमिजिएटला मेमरी ड्रॉइंग केलंय ना सगळ्यांनी? दोन मिनिटं बघायचं, उतरलं की बाकड्यावर बसून काढायचं. अर्बन स्केचर्सच्या नियमात हे बसत नाही, जागेवर बघूनच काढायचं असतं, पण समोरचा अवघडत तरी नाही.

चौथी_सीट:
अपडेट. काल त्याच काकू भेटल्या, धीर करून पान दाखवलं. बराच वेळ बघितलं, मग म्हणाल्या, "बाकी छान आहे गं, पण ती पिन कशाला काढलीस?" पेनचं काम, खोडणार कसं, शेवटी पान फाडून त्यांनाच दिलं.